‘बेटर’समोर ‘अधिक चांगलं’ लिहू नका, ‘बरं’ लिहा

भाच्याने नोकरीचा अर्ज माझ्याकडे तपासायला पाठवला. मी अनुवाद करते, इतरांची मुद्रितं तपासते, त्यामुळे नात्यातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या टेबलावर येऊनच पुढे जातो. अर्जात एक वाक्य होतं : ‘आय अ‍ॅम मोअर बेटर इन टीमवर्क.’ मी ‘मोअर’ खोडलं, ‘इन’ खोडून ‘अ‍ॅट’ केलं आणि कागद परत पाठवला. तासाभरात फोन. “आत्या, ‘मोअर ब्यूटिफुल’ चालतं, ‘मोअर इंटरेस्टिंग’ चालतं, मग ‘मोअर बेटर’नेच काय घोडं मारलंय?”

‘व्याकरणात बसत नाही’ एवढं सांगून मला सुटता आलं असतं. पण ही चूक मी इतक्या जणांच्या लिहिण्यात पाहिली आहे की दोष त्यांचा नाही हे मला केव्हाच पटलंय. दोष त्या तक्त्याचा आहे. ‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि समोर ‘चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला’. एकदा ‘अधिक’ डोक्यात बसलं की हात आपोआप ‘मोअर’ लिहितो. ‘बेटर’च्या पोटात तो ‘मोअर’ आधीच आहे, हे तक्ता सांगतच नाही.

म्हणून माझा उपाय साधा आहे. ‘बेटर’समोरचं ‘अधिक चांगला’ पुसायचं आणि तिथे ‘बरं’ लिहायचं. ‘मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा.’ ‘उपचारापेक्षा प्रतिबंध बरा.’ बघा, ‘अधिक’ कुठेही नाही आणि तुलना मात्र पुरी झाली. आता ‘निघालेलं बरं’ म्हणा, ‘जितकं लवकर तितकं बरं’ म्हणा, ‘कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय’ म्हणा. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘बेटर’च म्हणतो. एवढी जुळणी मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलेली नाही.

एक खोट मात्र आधीच सांगते. ‘पुस्तक कसं आहे?’ ‘बरं आहे.’ इथला ‘बरं’ म्हणजे यथातथा, आणि तो ‘बेटर’ नव्हे. वाक्यात ‘पेक्षा’ असेल, किंवा तो मनातल्या मनात घालता येत असेल, तेव्हाच ही किल्ली लागते.

शब्द आला कुठून

अर्ध्या लोकांना वाटतं की ‘बेटर’ आणि ‘बेहतर’ एकच. मलाही कित्येक वर्षं वाटायचं. उच्चार जवळचा, अर्थ तोच, शिवाय फारसी आणि इंग्रजी लांबच्या नात्यातल्या भाषा. मग शंका कोण घेणार? पण दोन्ही शब्द उसवून बघितले की टाके वेगळ्याच जागी निघतात. ‘बेहतर’मध्ये ‘बेह’ म्हणजे चांगला आणि त्याला लागलेला ‘तर’. हा ‘तर’ आपल्या ‘लघुतर’, ‘उच्चतर’मधलाच. ‘बेटर’मध्ये मात्र ‘ट’ मूळ शब्दाचा आहे आणि तुलनेचा प्रत्यय फक्त शेवटचा ‘अर’. म्हणजे एकीकडे बेह-तर, दुसरीकडे बेट-अर. सारखेपणा निव्वळ योगायोगाचा.

‘बेटर’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘बेतेरा’. त्याच घराण्यातली गॉथिक ही त्याहून जुनी लिखित भाषा. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं, त्या भाषेत हा शब्द ‘बातिझा’ असा येतो. या ‘झ’चा पुढे इंग्रजीत ‘र’ झाला. तसाच बदल ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीत गोठून राहिलाय. आणि पुढे येणाऱ्या ‘इ’च्या ओढीने ‘आ’चा ‘ए’ झाला, जसा ‘मॅन’चा ‘मेन’ झाला. जर्मनमध्ये आज ‘बेसर’ म्हणतात, डचमध्ये ‘बेटर’.

मूळ धातूचा अर्थ फायदा, उपाय, भरपाई असा काहीतरी होता. त्याच कुळातला एक शब्द इंग्रजीत अजून जिवंत आहे. ‘टू बूट’ म्हणजे ‘वर आणखी’. ‘ती हुशार आहे, आणि वर मेहनतीही’ यातलं ‘वर’. पायातल्या बुटाशी त्याचा काही संबंध नाही. ‘बूटलेस’ म्हणजे निष्फळ, अनवाणी नव्हे. एका होतकरू अनुवादकाने अनवाणी केलं होतं, म्हणून सांगते.

आता ‘गुड’चं ‘गुडर’ का होत नाही? कारण ‘गुड’ आणि ‘बेटर’ ही वेगवेगळ्या घरची मुलं एका तक्त्यात बसवलेली आहेत. ‘गुड’ला स्वतःची तुलनेची रूपं नाहीतच, ती त्याने या दुसऱ्या घरातून घेतली. हे विचित्र वाटत असेल तर संस्कृतकडे बघा. ‘प्रशस्य’ म्हणजे स्तुतीला योग्य, चांगला. त्याचं पुढचं रूप ‘श्रेयस्’ आणि त्यापुढचं ‘श्रेष्ठ’. ‘प्रशस्य’चा कुठे मागमूस राहिला? पाणिनीने यासाठी चक्क स्वतंत्र सूत्र केलं, ‘प्रशस्यस्य श्रः’ : हे प्रत्यय लागताना ‘प्रशस्य’च्या जागी ‘श्र’ घ्या. भाच्याला मी म्हटलं, गुड-बेटर-बेस्ट म्हणजे प्रशस्य-श्रेयस्-श्रेष्ठ, आणि तू ‘मोअर बेटर’ लिहिलंस म्हणजे ‘अधिक श्रेयस्’ लिहिलंस. त्याला ते फारसं भावलं नाही. मला मात्र अजून आवडतं.

आणि ही नुसती उपमा नाही. ‘श्रेयस्’मधला ‘ईयस्’ आणि इंग्रजीतला ‘अर’ हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’मधला ‘इष्ठ’ आणि ‘बेस्ट’, ‘ओल्डेस्ट’मधला ‘एस्ट’ हीही तशीच जोडी. मग तो ‘तर’ इंग्रजीत गेलाच नाही का? गेला, पण भलतीकडे : ‘व्हेदर’ हा संस्कृत ‘कतर’चा, म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’चा, सख्खा; आणि ‘अदर’ हा ‘दुसरा’ या अर्थाच्या संस्कृत ‘अंतर’चा.

‘मोअर बेटर’ची बाजू

भाच्याच्या वतीनेही एक साक्षीदार आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्परो आपल्या मुलीशी बोलताना ‘मोअर बेटर’ म्हणतो. 1623 मध्ये छापलेल्या पहिल्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या जुन्या संग्रहात, ते तसंच आहे. तेव्हा दुहेरी तुलना ही चूक नव्हती, जोर देण्याची रीत होती. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांना ती खपली नाही. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लौथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात दुहेरी तुलना अयोग्य ठरवली आणि त्यानंतर ती शिष्ट लेखनातून गेली ती गेलीच. नोकरीच्या अर्जात शेक्सपिअरचा दाखला चालत नाही, म्हणून खोडायचं.

जोर द्यायचा असेल तर काय लिहायचं? ‘मच बेटर’, ‘फार बेटर’, बोलताना ‘अ लॉट बेटर’. थोडाच फरक असेल तर ‘अ लिटल बेटर’ किंवा ‘स्लाइटली बेटर’. ‘त्याहूनही बरं’ असेल तर ‘ईव्हन बेटर’. ‘व्हेरी बेटर’ कधीच नाही. ‘व्हेरी’ ‘गुड’बरोबर जातं, ‘बेटर’बरोबर नाही. आपल्याला ‘खूप चांगलं’ आणि ‘खूप बरं’ दोन्हीकडे ‘खूप’ चालतं म्हणून ही घसरण होते. आणि कशात बरं, हे सांगायचं तर ‘बेटर अ‍ॅट’.

‘पेक्षा’ कुठे ठेवायचा

मराठीत ज्याच्याशी तुलना, तो आधी येतो : ‘तुझ्यापेक्षा मी बरा.’ इंग्रजीत तो शेवटी जातो आणि त्याच्या आधी ‘दॅन’ लागतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. गडबड होते ती ‘दॅन’च्या जागी ‘देन’ लिहिण्याची. यात लाज वाटायचं कारण नाही, कारण दोन्ही मुळात एकच शब्द होते आणि सुमारे 1700 पर्यंत त्यांची स्पेलिंगं एकमेकांच्या जागी वावरत होती. आज मात्र ती वेगळी आहेत, आणि स्पेलचेक ही चूक हमखास पकडेल असं समजू नका, कारण दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबरच असतात. मी मुद्रित तपासताना प्रत्येक ‘देन’वर बोट ठेवून ‘मग’ असं पुटपुटते. ‘मग’ बसलं नाही तर तिथे ‘दॅन’ हवं.

‘बेटर दॅन आय’ की ‘बेटर दॅन मी’? बोलताना ‘मी’. औपचारिक लेखनात कोणी भुवया उंचावेल अशी भीती असेल तर ‘बेटर दॅन आय अ‍ॅम’ लिहावं, वाद मिटतो. नुसतं ‘दॅन आय’ मला स्वतःला इस्त्रीच्या कपड्यांसारखं ताठ वाटतं.

‘सीनिअर’, ‘जूनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे लॅटिनमधून आलेले तुलनेचेच शब्द, पण त्यांना ‘दॅन’ लागत नाही, ‘टू’ लागतं. ‘सीनिअर टू मी’. ‘बेटर टू मी’ म्हणाल तर अर्थच बदलेल : माझ्याशी अधिक प्रेमाने वागणारा.

दोघांतला एक निवडायचा तर ‘द बेटर ऑफ द टू’, आणि तिथे ‘द’ विसरायचं नाही. तिघांपासून पुढे ‘बेस्ट’. मात्र इंग्रजी माणसं स्वतः हा नियम बिनदिक्कत मोडतात. माणसाला पाय दोनच, तरी म्हणतात ‘बेस्ट फूट फॉरवर्ड’. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये तो ‘बेटर फूट’ होता. आकडेमोड तेव्हा बरोबर होती म्हणायची.

‘हॅड बेटर’ : इथे सावकाश चाला

‘बेटर’चा सगळ्यात धोक्याचा वापर हा. त्याची फी मी स्वतः भरली आहे. कामाला नुकतीच सुरुवात केली होती. एका ग्राहकाने पाठवलेल्या मजकुरातली चार पानं गायब होती. मी मोठ्या अदबीने लिहिलं : ‘यू हॅड बेटर सेंड द मिसिंग पेजेस बाय फ्रायडे.’ माझ्या मनात होतं, ‘शुक्रवारपर्यंत पाठवलीत तर बरं होईल.’ उत्तर आलं दोनच शब्दांचं : ‘ऑर व्हॉट?’ नाहीतर काय?

‘हॅड बेटर’च्या मागे हे ‘नाहीतर’ कायम दबा धरून बसलेलं असतं. मराठीतही ‘तू आता गप्प बसलेला बरा’ यात तो दम आहेच. ‘पाठवलीत तर बरं होईल’ ही विनंती आणि ‘पाठवलेली बरी’ हा इशारा, यातला फरक आपल्या कानाला चटकन कळतो. तोच कान इंग्रजीला लावायचा. ‘-लेलं बरं’ म्हणजे ‘हॅड बेटर’. ‘तर बरं होईल’ म्हणजे ‘इट वुड बी बेटर इफ’. त्याहून मऊ हवं असेल तर ‘इट माइट बी बेटर इफ’. आणि ग्राहकाला लिहिताना यातलं काहीच नको. ‘कुड यू प्लीज’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

हे ‘हॅड’ लोकांना भूतकाळ वाटतं. तो भूतकाळ नाही. जुनी रचना अशी होती : ‘मी वेअर बेटर’. यातला ‘मी’ इंग्रजी आहे बरं का, त्याचा अर्थ ‘मला’. म्हणजे ‘मला बरं होईल’. ‘मला निघालेलं बरं’ आणि ही रचना शेजारी ठेवून बघा. पुढे लोक ‘मी’च्या जागी ‘आय’ म्हणू लागले आणि ‘वेअर’ची जागा ‘हॅड’ने घेतली. दोन्ही क्रियापदं ‘असतं तर’ या कल्पित सुरातली आहेत, घडून गेलेल्या गोष्टीची नाहीत. त्यामुळे ‘हॅड बेटर’ नेहमी आत्ताबद्दल किंवा पुढच्याबद्दल बोलतं.

पुढचं क्रियापद नुसतं, मूळ रूपात : ‘वी हॅड बेटर गो.’ ‘टू गो’ नाही, ‘वेंट’ नाही. नकार शेवटी लागतो, ‘हॅड बेटर नॉट’. ‘हॅड नॉट बेटर’ लिहिलं की वाक्य लंगडतं. प्रश्न विचारायचा तर ‘हॅडन्ट वी बेटर गो?’, पण आताशा असं विचारणारे कमी; ‘शुडन्ट वी’वरच भागतं. बोलताना ‘हॅड’ इतकं पुसट होतं की ‘यू बेटर’ एवढंच ऐकू येतं. गप्पांत तसं म्हणा, लिहिताना मात्र ‘हॅड’ किंवा निदान ‘यू’ड’मधली त्याची ‘ड’ची शेपटी ठेवा.

सर्वसाधारण उपदेशाला ही रचना वापरू नये. ‘माणसाने रोज चालावं’ हे ‘शुड’चं काम. ‘पाऊस येतोय, चाललेलं बरं’ हे ‘हॅड बेटर’चं. समोर प्रसंग हवा.

तब्येतीचं

‘आय अ‍ॅम बेटर’ याचे दोन अर्थ होतात : कालच्यापेक्षा बरं आहे, किंवा पूर्ण बरा झालो. मराठीत ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरा झालो’ असे दोन धागे वेगळे ठेवता येतात, इंग्रजीत ते एकाच शब्दात गुंततात. ‘मच बेटर’ म्हटलं की फक्त सुधारणा, ‘कम्प्लीटली बेटर’ म्हटलं की आजार संपला. रजेनंतर कामावर रुजू होताना ‘बेटर’ लिहूच नका. ‘आय हॅव रिकव्हर्ड’ लिहा, नाहीतर समोरचा विचारील, म्हणजे अजून किती दिवस?

जितकं लवकर तितकं

‘द सूनर द बेटर’. इथले दोन ‘द’ म्हणजे नेहमीचं उपपद नव्हे. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचं एक करण विभक्तीचं रूप होतं, ‘त्या मानाने’, ‘तितक्याने’ अशा अर्थाचं. त्याचा हा अवशेष. म्हणजे ‘जितकं लवकर तितकं बरं’चा सांगाडा जसाच्या तसा. हे कळल्यापासून ‘मोअर सूनर मोअर बेटर’ असं काही कोणी लिहिलं की मी ‘जितकं-तितकं’ म्हणायला लावते, आणि दोन ‘द’ आपसूक जागेवर येतात. ‘सो मच द बेटर’ म्हणजे ‘तेवढंच बरं’. तिथलं ‘द’ही तेच.

जिथे ‘बरं’ हरतं

एकदा एका चरित्राच्या अनुवादाचं मुद्रित आलं. त्यात वाक्य : ‘आयुष्याचा उत्तम काळ त्यांनी तुरुंगात घालवला.’ मी मूळ काढून बघितलं. ‘द बेटर पार्ट ऑफ हिज लाइफ’. इथे ‘बेटर’चा अर्थ मोठा, अर्ध्याहून जास्त. त्या बिचाऱ्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य गजाआड गेलं होतं, आणि अनुवादात तो तिथे मजेत राहिल्यासारखा दिसत होता. ‘द बेटर पार्ट ऑफ अ‍ॅन अवर’ म्हणजे जवळजवळ तासभर. ‘बेटर पार्ट ऑफ’च्या पुढे काळ, अंतर किंवा रक्कम दिसली की ‘बरं’ विसरा आणि ‘बहुतेक सगळा’ आठवा.

‘बेटर हाफ’ हा प्रयोग फिलिप सिडनीच्या 1590 मध्ये छापलेल्या ‘आर्केडिया’त सापडतो. आज तो बायकोसाठी इतका झिजलाय की मी दिसेल तिथे नुसतं ‘वाइफ’ करते.

‘बेटर ऑफ’ म्हणजे पैशाने किंवा परिस्थितीने बरा. तिथे ‘ऑफ’ला दोन एफ. ‘गेट द बेटर ऑफ’ म्हणजे मात करणं. तिथे एकच एफ. ‘फॉर बेटर, फॉर वर्स’ 1549 च्या इंग्लंडच्या प्रार्थना-पुस्तकातल्या विवाहविधीत आहे. आज ‘भलं होवो की बुरं’ अशा अर्थाने कुठेही चालतं. ‘बेटर’ क्रियापदही होतं : विक्रम ‘बेटर’ करणं म्हणजे मोडणं. पैज लावणाराही ‘बेटर’च, पण तो वेगळ्या शब्दाचा, अमेरिकेत तो शेवटी ‘ओआर’ लिहून वेगळा दाखवतात.

आणि ‘नो बेटर’, म्हणजे ‘जाणणं’वालं. याला ‘बरं’ लावायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. ‘आय शुड हॅव नोन बेटर’ म्हणजे ‘मला आधीच कळायला हवं होतं’. ‘ही नोज बेटर दॅन टू आस्क’ म्हणजे विचारण्याइतका तो खुळा नाही. ‘ओल्ड इनफ टू नो बेटर’साठी मी बरीच वर्षं काहीबाही लिहीत आले. मग एक दिवस भावजय भाच्यावर ओरडताना ऐकलं, आणि तेव्हापासून तेच लिहिते : ‘एवढा घोडा झालास, एवढंही कळू नये?’